समाजशास्त्राचा धडा आणि आपले घर

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत समाजशास्त्रावर लेख कशाला, असे कुणी विचारील. समाजशास्त्र म्हटले की कॉलेजातली जाडजूड पुस्तके डोळ्यांसमोर येतात. पण ज्या घराच्या भिंतीवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा आहे, त्या घरात एक थोर समाजशास्त्रज्ञ आधीच हजर आहे. बाबासाहेब घटनेचे शिल्पकार, बॅरिस्टर, अर्थशास्त्रज्ञ, हे आपल्या मुलांना पाठ असते. वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांनी जातीचे कोडे कसे उलगडले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

१९१३ साली श्रीमंत सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात त्यांनी एक निबंध वाचला. विषय होता, भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. पुढल्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, तो जगाच्या विद्वानांना जात म्हणजे काय ते समजावून सांगत होता!

सिद्धांत म्हणजे काय?

सिद्धांत म्हणजे नुसते मत नव्हे. मत काय, नाक्यावर उभा असलेला कुणीही देतो. 'असे का होते' या प्रश्नाला पुराव्याच्या आधारे दिलेले उत्तर, आणि ते पुन्हा तपासून बघता आले पाहिजे, तो सिद्धांत.

जातीबद्दल त्या काळी अनेक विद्वानांनी लिहिले होते. सेनार या फ्रेंच पंडिताने विटाळावर बोट ठेवले. नेसफिल्डने धंद्यातून जाती झाल्या असे मांडले. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी तर माणसांची नाके मोजून वंश ठरवायचा उद्योग केला. आपल्याच महाराष्ट्रातल्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी सांगितले की जातीची लक्षणे दोन : जन्मावरून सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नबंदी. बाबासाहेबांनी केतकरांचा मान राखून दाखवून दिले की ही दोन लक्षणे नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केले की बाहेरचा आत येणारच कसा? म्हणजे जातीचे मूळ एकच, जातीतल्या जातीत लग्न.

मग त्यांनी हिशेब मांडला. समजा, एका गटाने ठरवले की लग्न आपल्यातच करायचे. मग गटात स्त्री-पुरुषांच्या जोड्या बरोबर जुळायला हव्यात. पण नवरा आधी मेला तर बाई उरते, बायको आधी मेली तर पुरुष उरतो. उरलेल्या बाईने बाहेर लग्न केले तर कुंपण मोडते, आत केले तर दुसऱ्या मुलीच्या वाट्याचा नवरा जातो. मग तिला सती घालवा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. पुरुषाला कोण जाळतो? त्याच्यावर ब्रह्मचर्य लादले तरी ते टिकणे कठीण. म्हणून लग्नाच्या वयालाही न आलेली पोर त्याला बघून द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी जातीचे कुंपण राखण्यासाठी आल्या, हा त्या निबंधाचा गाभा आहे. जातीचे ओझे पहिल्यांदा बाईच्या डोक्यावर ठेवले गेले, हे १९१६ साली सांगणारा तो तरुण होता.

आणि या जाती पसरल्या कशा? मनूने कायदा करून समाजावर लादल्या, हेही त्यांना पटले नाही. मनूने चालत आलेल्या रूढीला शास्त्राचा शिक्का मारला, इतकेच. आधी ब्राह्मणवर्गाने स्वतःभोवती कुंपण घातले. वरच्याने केले की खालचा त्याची नक्कल करतो, या गाब्रिएल तार्द या फ्रेंच अभ्यासकाच्या विचाराचा बाबासाहेबांनी इथे उपयोग केला. नक्कल करत करत सगळा समाज कप्प्याकप्प्यांत बंद झाला.

संशोधन म्हणजे काय?

भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले होते की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. आमच्या मते संशोधनाचा पाया हाच. बघायचे, विचारायचे, मोजायचे आणि मग बोलायचे.

आम्ही गिरणी कामगार. म्हणून गिरणीतलाच दाखला देतो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात घेत नसत. पगार तर तिथेच जास्त. कारण काय? कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागे. विटाळ होईल म्हणून सवर्ण विणकरांची हरकत! १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. कामगार सारे एक, ही घोषणा ऐकायला गोड होती. पण खात्याखात्यात जाऊन बघितले तर एकी कुठवर आहे ते धोट्यावरून कळत होते. याला म्हणतात संशोधन.

संस्कृती आणि सामाजीकरण

संस्कृती म्हणजे फक्त नाटक, गाणी आणि लेणी नव्हेत. आपण काय खातो, काय नेसतो, पोरांची नावे काय ठेवतो, कुणापुढे वाकतो, ही सगळी संस्कृतीच. हे बाबासाहेब जाणत होते. म्हणून महाडला मार्च १९२७ मध्ये त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले. डिसेंबर १९२७ मध्ये तिथेच आपल्या आयाबहिणींना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका, असा उपदेश केला. वरवर बघता ही कपड्यांची गोष्ट. खरे तर गुलामीची खूण अंगावरून उतरवण्याची गोष्ट.

ही संस्कृती मुलात उतरते त्या क्रियेला सामाजीकरण म्हणतात. मूल आईच्या पोटातून जात शिकून येत नाही. त्याला शिकवतात घर, शेजार, शाळा. बालपणी भीमराव वर्गात स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळा बसे. शिपायाने वरून पाणी ओतले तर प्यायचे, शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे. पुस्तकात नसलेला हा धडा सगळ्या वर्गाला रोज मिळत होता. एका पोराला 'तू खालचा', बाकीच्यांना 'तुम्ही वरचे'.

शिकवलेले विसरायला लावता येते, नवे शिकवता येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी धम्मदीक्षा घेतली आणि बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या कितीतरी प्रतिज्ञा रोजच्या वागण्याच्या आहेत. एका अख्ख्या समाजाचे नव्याने सामाजीकरण करण्याची ती योजना होती. आपला विहार हे त्याच शाळेचे एक वर्ग आहे.

आता आपल्या घराकडे

इथवर सगळे माना हलवतील. पण स्थळ बघायला पाहुणे आले की चहाचा कप खाली ठेवता ठेवता हळूच विचारतात, 'तुमचं मूळ गाव कोणतं हो? म्हणजे तुम्ही आपल्यातले कोण?' प्रश्न गावाचा नसतो, पोटजातीचा असतो. त्या साडेबारा पोटजाती आपण नागपूरला सोडून आलो ना? मग त्या बैठकीत कुठून येतात? दाराआड उभी असलेली धाकटी मुलगी ते ऐकत असते. दर रविवारी ती वंदना म्हणते, पण जात ती त्या चहाच्या वेळी शिकते.

१९३६ साली 'जातिनिर्मूलन' या लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट मांडले की सहभोजनाने जात जाणार नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. रोटीव्यवहार झाला, बेटीव्यवहाराचे काय? सगळ्या देशाचा हिशेबही बरा नाही. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात शंभरात सुमारे पाचच बायांनी आपले लग्न जातीबाहेर झाल्याचे सांगितले. १९१६ चा सिद्धांत आजही तपासून बघा, खरा ठरतो.

म्हणून आमची विहारातल्या सर्वांना एक विनंती आहे. कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी वह्या घेऊन वस्तीत फिरावे. गेल्या वीस वर्षांत झालेल्या लग्नांपैकी किती पोटजातीबाहेर झाली, किती जातीबाहेर, ते मोजावे. कुणाचे नाव लिहू नये, कुणाला लाजवू नये, फक्त आकडा विहाराच्या फळ्यावर लिहावा. आणि वडीलधाऱ्यांनी स्थळ बघताना तो एक प्रश्न विचारणे बंद करावे. मुलगा निर्व्यसनी आहे का, मुलीची संमती आहे का, हे अवश्य विचारा. 'आपल्यातले कोण?' हे विचारू नका. पुढच्या वर्धापनदिनाला फळ्यावरचा आकडा वाढलेला दिसला, तर बाबासाहेबांचा निबंध आपण वाचला असे म्हणता येईल.

जय भीम! नमो बुद्धाय!