ध्वनितबकडीची पाठचिकित्सा

पुणे शहरात मूळ ग्रंथ आणि त्याची प्रत यांच्या परस्परसंबंधाचा शास्त्रीय विचार शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ साली झाली आणि १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य तेथे हाती घेण्यात आले. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा निरनिराळ्या लिपींतील पोथ्या मिळवून, प्रत्येक श्लोकासाठी स्वतंत्र तक्ता आखून, त्यात अक्षरागणिक पाठभेद नोंदविले जात. हे कार्य १९६६ साली पूर्णतेस गेले. त्या परंपरेचा आणि संगणकातील सीडी-ड्राइव्हसारख्या आधुनिक यंत्राचा काही संबंध असेल, असे वरवर पाहता कोणास वाटणार नाही. तथापि, ध्वनितबकडीवरील आवाज बिनचूक उतरवून घेण्याची जी पद्धती गेल्या काही दशकांत सिद्ध झाली, तिचा इतिहास पाहिला असता ती पाठचिकित्सेचीच एक शाखा असल्याचे दिसून येते. एवढेच नव्हे, तर तिच्या मर्यादाही पाठचिकित्सेच्याच मर्यादा होत. मराठी बोलींचे व लोकगीतांचे ध्वनिमुद्रण ज्यांस जतन करावयाचे आहे, त्यांनी या मर्यादा ध्यानी घेणे अवश्य आहे.

प्रथम तबकडीच्या रचनेचा विचार करू. फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनी मिळून १९८० साली ध्वनितबकडीचे मानक निश्चित केले आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये तिची विक्री सुरू झाली. १२ सेंटिमीटर व्यासाच्या या पारदर्शक तबकडीत सुमारे ५ किलोमीटर लांबीची एक सर्पिल रेषा असते. त्या रेषेवरील सूक्ष्म खळगे लेसर किरणाने वाचले जातात. ध्वनीचे मोजमाप दर सेकंदास ४४,१०० वेळा, डाव्या व उजव्या वाहिनीसाठी वेगवेगळे केलेले असते. सेकंदाचे ७५ खंड पाडले असून एकेका खंडात ५८८ मोजमापे, म्हणजे २,३५२ बाइट सामावतात.

तबकडीवर ओरखडा पडणे, धूळ बसणे किंवा मूळ छपाईतच दोष राहणे हे अटळ होय, हे तिच्या निर्मात्यांनी आरंभीच गृहीत धरले होते. म्हणून १९६० साली रीड व सॉलोमन या दोन गणितज्ञांनी मांडलेल्या संकेतपद्धतीचा त्यांनी आधार घेतला. दर २४ बाइटांमागे ८ जादा बाइट घालावयाचे आणि सर्व सामग्री तबकडीवर विखरून ठेवावयाची, म्हणजे एका ठिकाणी पडलेल्या ओरखड्याने सलग भाग नष्ट न होता अनेक ठिकाणचे थोडे थोडे अंश तेवढे जातात, आणि ते गणिताने परत मिळविता येतात. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग दोष या रीतीने पूर्णपणे भरून निघतो.

परंतु दोष त्याहून मोठा असला म्हणजे यंत्र निराळाच मार्ग पत्करते. हरवलेल्या मोजमापाच्या अलीकडील व पलीकडील मूल्ये पाहून मधले मूल्य ते अंदाजाने भरते. संगीत ऐकणाऱ्यास हा अंदाज बहुधा जाणवत नाही आणि जाणवू नये, हाच त्यामागील हेतू होता. ग्रंथसंपादकाच्या भाषेत सांगावयाचे तर हा प्रक्षेप होय. लेखनिकाने फाटलेल्या पानावरील चरण स्वतःच्या बुद्धीने पूर्ण करावा आणि तो छंदात इतका बेमालूम बसावा की वाचकास संशयही येऊ नये, तसाच हा प्रकार आहे. श्रोत्यास जे सोयीचे, तेच संशोधकास घातक ठरते.

संगणकासाठी सीडी वापरात आली तेव्हा हा प्रश्न अधिक स्पष्ट झाला. संगणकीय सामग्रीत एक अंकही चुकून चालत नाही. म्हणून तेथे २,३५२ बाइटांच्या खंडातील २,०४८ बाइटच प्रत्यक्ष सामग्रीस दिले गेले आणि उरलेल्या जागेत त्या खंडाचा पत्ता, तपासणीचा अंक व दोषनिवारणाचा आणखी एक थर ठेवण्यात आला. ध्वनितबकडीत यांपैकी काहीच नाही. तेथे संपूर्ण खंड ध्वनीनेच व्यापलेला असतो, आणि त्याचे स्थान बाजूच्या एका उपवाहिनीवरून साधारणपणेच कळते. पोथीच्या पानांवर पृष्ठांक नसावेत आणि लेखनिकाने 'साधारण येथून' नक्कल सुरू करावी, अशी ही अवस्था आहे. यंत्र मध्येच थांबून पुन्हा वाचू लागले, तर काही मोजमापे गळण्याचा किंवा दोनदा येण्याचा संभव राहतो.

१९९० नंतरच्या दशकात संगणकातील ड्राइव्ह ध्वनितबकडीवरील अंक थेट वाचू लागले, तेव्हा निरनिराळ्या यंत्रांनी उतरविलेल्या प्रती परस्परांशी जुळत नाहीत, असे अनुभवास आले. यावर उपाय म्हणून त्या दशकाच्या उत्तरार्धात दोन आज्ञावल्या प्रसिद्धीस आल्या. ख्रिस्तोफर माँटगोमेरी यांच्या 'सीडीपॅरानोया' या आज्ञावलीत एकमेकांवर अंशतः येणारे भाग पुन्हा पुन्हा वाचून त्यांचे सांधे जुळविले जात. जर्मनीतील आंद्रे वीथॉफ यांच्या 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' या आज्ञावलीने प्रत्येक खंड किमान दोनदा वाचण्याचा नियम केला. दोन वाचने भिन्न निघाली तर तोच खंड आणखी १६ वेळा वाचावयाचा आणि त्यांपैकी ८ वाचने एकसारखी आली तरच पाठ स्वीकारावयाचा. तसे न घडल्यास ही सोळा वाचनांची फेरी पाचपर्यंत वाढविता येते, आणि तरीही निर्णय झाला नाही तर तो खंड संशयित म्हणून नोंदला जातो.

मात्र अशा पुनर्वाचनाचा उपयोग व्हावयाचा तर प्रथम यंत्राचा स्वभाव माहीत असावा लागतो. लेखनिकाच्या सवयी ठाऊक झाल्याशिवाय त्याच्या पोथीचे मोल ठरविता येत नाही, तसेच हे आहे. यास्तव ड्राइव्हच्या परीक्षेस या पद्धतीत महत्त्वाचे स्थान मिळाले. तीत मुख्यतः चार गोष्टी पाहिल्या जातात.

पहिली गोष्ट वाचनप्रवाहाच्या स्थिरतेची. एकच जागा अनेकदा मागितली असता यंत्र दर वेळी नेमक्या त्याच मोजमापापासून आरंभ करते की नाही, हे पाहावे लागते. दुसरी गोष्ट तात्पुरत्या स्मृतीची. बहुतेक यंत्रे नुकताच वाचलेला भाग आपल्या स्मृतीत साठवितात आणि तो पुन्हा मागितला की तबकडीकडे न वळता साठविलेलीच नक्कल पुढे करतात. अशा वेळी दोन वाचने एकसारखी आली, तरी त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, कारण दुसरे वाचन हे पहिल्याचीच नक्कल असते. डेक्कन कॉलेजातील भाषाशास्त्रज्ञ डॉ. सु. मं. कत्रे यांचा भारतीय पाठचिकित्सेवरील इंग्रजी ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. त्या शास्त्राचा एक मूलभूत सिद्धांत असा की, एकाच आदर्शावरून उतरलेल्या दहा पोथ्या मिळूनही साक्ष एकच मानावी. स्मृतीतून उत्तर देणारे यंत्र या सिद्धांताचा उत्तम दाखला होय. म्हणून अशा यंत्राकडून मध्यंतरी दुसरा दूरचा भाग वाचवून त्याची स्मृती रिकामी करून घ्यावी लागते.

तिसरी परीक्षा यंत्राच्या प्रामाणिकपणाची म्हणता येईल. दोषनिवारणाच्या दुसऱ्या पायरीवरही जो बाइट दुरुस्त होत नाही, त्यावर काही यंत्रे तशी खूण करतात. काही करीत नाहीत, आणि काही करूनही अपुरी करतात. हे तपासण्यासाठी मुद्दाम ओरखडे असलेली तबकडी वापरतात. तीच ध्वनिमुद्रिका निर्दोष तबकडीवरून आधी उतरवून घ्यावी, नंतर दूषित तबकडी वाचावी, आणि जेथे जेथे फरक पडला तेथे तेथे यंत्राने खूण केली होती काय, हे ताडून पाहावे. निमूटपणे चुकणारे यंत्र अडखळणाऱ्या यंत्रापेक्षा अधिक धोक्याचे असते.

चौथी गोष्ट ठरावीक सरकेची. प्रत्येक बनावटीचे यंत्र मूळ आरंभबिंदूच्या काही मोजमापे पुढे किंवा मागे वाचू लागते, आणि ही सरक त्या बनावटीपुरती कायम असते. ती एकदा कळली की वजा करून टाकता येते. तीसाठी ज्यांचे अंक आधीच ज्ञात आहेत अशा तबकड्या प्रमाण म्हणून वापरतात. २००० नंतरच्या दशकात 'ॲक्युरेटरिप' नावाची व्यवस्था रूढ झाली. तीत जगभरच्या लोकांनी आपापल्या यंत्रांवर उतरविलेल्या तबकड्यांचे तपासअंक एकत्र साठविलेले असतात. नव्याने उतरविलेली प्रत परक्या यंत्रांवरील, परक्या तबकड्यांवरील प्रतींशी जुळली, तर ती निर्दोष असल्याची खात्री पटते. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या निरनिराळ्या छपायांचे अंक येथे वेगवेगळे आढळतात. महाभारताच्या उत्तर व दक्षिण शाखांचे स्मरण व्हावे असाच हा भेद आहे.

येथवर या पद्धतीचे यश सांगितले. तिची मर्यादाही तितकीच बोधप्रद आहे. यंत्रांच्या सरका मोजण्यासाठी सर्वांनी जो आरंभबिंदू प्रमाण मानला होता, तोच खऱ्या आरंभबिंदूपासून ३० मोजमापांनी ढळलेला असल्याचे पुढे निदर्शनास आले. हा फरक सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी असल्यामुळे व्यवहारात कोणाचे काही बिघडले नाही, आणि तुलना चालू राहावी म्हणून जुनेच प्रमाण पुढे वापरात राहिले. परंतु तत्त्व म्हणून ही गोष्ट महत्त्वाची आहे. असंख्य प्रती परस्परांशी तंतोतंत जुळत होत्या, आणि तरीही त्या सर्व मिळून मूळ बिंदूपासून ढळलेल्या होत्या. साक्षींच्या एकमतावरून त्यांचा समान पूर्वज सिद्ध होतो. मूळ सिद्ध होत नाही. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत हाच विवेक दाखविला होता. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितका जुना पाठ देणे एवढेच चिकित्सित आवृत्तीचे उद्दिष्ट आहे, व्यासांची मूळ संहिता सापडल्याचा तिचा दावा नाही, अशी त्यांची भूमिका होती.

आता या सर्वांचा मराठी संशोधनाशी असलेला संबंध पाहू. अनेक साक्षींच्या तुलनेवर उभी असलेली पद्धती, जेथे अनेक साक्षी आहेत तेथेच उपयोगी पडते. जगभर लक्षावधी प्रती खपलेल्या ध्वनिमुद्रिकेची खात्री पटविणे म्हणूनच सोपे असते. पुण्याच्या अलुरकर म्युझिक हाऊससारख्या लहान प्रकाशनसंस्थेने काढलेल्या शास्त्रीय संगीताच्या तबकड्यांना अशा साक्षी साहजिकच थोड्या मिळणार. आणि क्षेत्रकार्यात मुद्रित केलेली बोली, कीर्तन किंवा लोकगीत घरच्या घरी कोऱ्या सीडीवर उतरविलेले असेल, तर त्या तबकडीस जगात दुसरी साक्षच नसते.

ही स्थिती काल्पनिक नव्हे. हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांनी पुण्यातून चालविलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संगृहीत झाल्या. बर्नार बेल यांच्या सहभागाने १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण त्यांस जोडले गेले. ते ध्वनिफितींवर होते, सीडीवर नव्हे. तथापि त्यावरून एकमेव साक्षीचे मोल कळते. गिरण्या आल्या, जाती थांबली आणि त्या गायिकांपैकी अनेकजणी आता हयात नाहीत. तेथे एक ओवी गमावली म्हणजे ती कायमची गमावली.

कोऱ्या सीडीचा प्रश्न तर अधिकच बिकट आहे. छापील तबकडीत खळगे पक्के असतात. घरी लिहिलेल्या तबकडीत सेंद्रिय रंगाच्या थरावर खुणा केलेल्या असतात आणि उष्णता, दमटपणा व प्रकाश यांनी तो थर हळूहळू निकामी होतो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत अशा तबकड्यांवर एकमेव आधार म्हणून विसंबू नये, असा इशारा दिला होता. भाषाभ्यासकास तर यातील हानी फार लवकर पोहोचते. तबकडीचा एक खंड म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग, सुमारे १३ सहस्रांश सेकंद. मराठीतील स्पर्शवर्णाचा स्फोट तेवढ्या अवधीत होऊन जातो. 'पाट' आणि 'फाट', 'काट' आणि 'खाट' यांतील अल्पप्राण-महाप्राण भेद जेथे मोजावयाचा, नेमके तेथेच यंत्राने अंदाजाचे मूल्य भरले, तर अभ्यासक बोलणाऱ्याच्या उच्चाराऐवजी यंत्राच्या कल्पनेचे मापन करीत बसेल.

दुसरी प्रत नसलेल्या तबकडीसाठी म्हणून एकच मार्ग उरतो: साक्षी बाहेर न शोधता येथेच निर्माण करणे. स्वभाव तपासून घेतलेली, निरनिराळ्या बनावटीची दोन-तीन यंत्रे घ्यावी, तीच तबकडी प्रत्येकावर कमी गतीने वाचावी, सरक वजा करून प्रती अंकागणिक ताडाव्या, आणि जेथे मतभेद राहील तेथे तो लपवून न ठेवता काळासह नोंदवावा. पाठभेद तळटीपेत देण्याची जी शिस्त ग्रंथसंपादनात आहे, तीच येथे पाळली पाहिजे. ही यंत्रे बाजारातून वेगाने नाहीशी होत आहेत आणि नव्या संगणकांत बहुधा ती नसतातच. म्हणजे पोथी झिजत असताना ती वाचणारे लेखनिकही एकेक करून निघून जात आहेत. विभागांच्या आणि घरांच्या कपाटांत पडून असलेल्या तबकड्यांचे वाचन जितके लांबेल, तितक्या साक्षी कमी होत जातील. आणि अखेर केवळ एकाच यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची पाळी येईल. पाठचिकित्सेची एवढी दीर्घ परंपरा असलेल्या नगरीत ती पाळी येऊ देणे उचित होणार नाही.