घारापुरी: एका दिवसाच्या बोट-सहलीतून इतिहास कसा वाचावा

प्रस्तावना

आपण दिल्लीच्या परिसरात राहतो. इथे बोटीत बसून बेटावर जाण्याची सोय नाही. यमुनेतल्या एका बेटावर इस्लामशाह सूरी याने १५४६ मध्ये सलीमगड बांधला होता, पण नदीने पात्र बदलले आणि आज त्या किल्ल्याच्या पायथ्याशी पाण्याऐवजी वाहनांचा रिंग रोड आहे. म्हणून ‘बेटाचा इतिहास’ शिकवायचा झाला की मी मुंबईजवळच्या घारापुरीचे उदाहरण घेतो. या बेटाचा आपल्या उत्तरेकडच्या प्रदेशाशीही एक संबंध आहे. तो टिपणाच्या शेवटी येईल.

मी अभियांत्रिकी शिकवतो, इतिहास हा माझा पदवीचा विषय नाही. काही वर्षांपूर्वी औद्योगिक भेटीसाठी मुंबईला गेलो असता एक दिवस रिकामा मिळाला आणि चाळीसेक मुलांना घेऊन मी घारापुरीला गेलो. त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली. हे टिपण त्या चुकीतून तयार झाले आहे.

१. बोटीचा प्रवास

गेट वे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून सकाळी नऊच्या सुमारास लाँच सुटू लागतात. अंतर सुमारे १० किलोमीटर, वेळ साधारण एक तास. लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीही बंद ठेवतात. वाटेत जवाहर द्वीप लागते. तेलवाहू जहाजे तिथे रिकामी होतात. त्याच्या उत्तरेला तुर्भ्याची अणुसंशोधन केंद्राची टेकडी दिसते.

हा प्रवास सहलीचा असला तरी गंभीरपणे घ्यावा. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाची एक वेगवान नौका ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जीवरक्षक जाकीट फोटोपुरते घालायचे आणि मग बाजूला ठेवायचे, असे आता कोणी करू नये.

बोट बेटाला लागली की लांबलचक धक्का येतो. त्यावर छोटी खेळण्यासारखी गाडी धावते. धक्का संपला की सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकाने, आणि वर लेणी. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. तालुका उरण, जिल्हा रायगड. म्हणजे मुंबईहून दिसणारे आणि मुंबईचे समजले जाणारे हे बेट कागदोपत्री मुंबईचे नाही.

२. वाटाड्याने सांगितलेल्या चार गोष्टी

आमचा वाटाड्या साठीच्या आसपासचा, बेटावरचाच माणूस होता. हिंदी आणि मराठी सहज बोलत होता. त्याने मुलांना चार गोष्टी सांगितल्या.

पहिली: ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली.
दुसरी: लेण्याची तारीख सांगणारा शिलालेख पोर्तुगीजांनी नेला.
तिसरी: बेटावर दगडी हत्ती होता, म्हणून इंग्रजीत नाव ‘एलिफंटा’.
चौथी: पोर्तुगीजांनी लेण्यात तोफा डागून खांब फोडले.

चौथ्या गोष्टीवर मी मुलांसमोर त्याला अडवले. म्हटले, “दादा, असं प्रत्येक ठिकाणी सांगतात. खांब पाण्याच्या झिरपण्याने आणि खडकातल्या भेगांनीही तुटतात. पुरावा काय?” तो म्हणाला, “सर, आमच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं.” मुले हसली. त्यानंतर तो फारसे बोलला नाही. दिल्लीला परतल्यावर मी वाचायला बसलो, तेव्हा कळले की त्या चारांपैकी तीन गोष्टींना लेखी आधार आहे.

३. चारही गोष्टींची तपासणी

पांडवांची गोष्ट ही लोककथा आहे. भारतभर अनेक लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणतात. हे एवढे मोठे काम माणसाच्या हातचे वाटत नाही, एवढीच भावना त्या नावामागे असते. अभ्यासकांच्या मते मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्याचे आहे. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी सापडली आहेत आणि शिल्पांची घडण जोगेश्वरीच्या लेण्याशी जुळते, त्यामुळे बरेच जण हे काम कलचुरींच्या काळाशी जोडतात. बेटाची वस्ती मात्र त्याहून जुनी आहे. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा स्तूप आहे आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या रांजणांचे तुकडेही बेटावर मिळाले आहेत. म्हणजे व्यापारी बोटी इथे लेण्याच्या आधीपासून लागत होत्या. ऐहोळेच्या ६३४ च्या शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौकांनिशी ‘पुरी’ जिंकल्याचा उल्लेख आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी, असे काहींचे मत आहे. काही अभ्यासक ती जंजिऱ्याजवळच्या राजपुरीत शोधतात.

शिलालेखाची गोष्ट पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कूतो याने स्वतः नोंदवली आहे. लेण्याच्या दाराशी असलेला लेख कोरलेला दगड काढून पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्याकडे पाठवला गेला. तिथे तो कोणालाच वाचता आला नाही आणि पुढे तो दगडच नाहीसा झाला. म्हणून आज लेण्याची तारीख ठरवताना आपल्याला नाण्यांवर आणि शैलीवर अवलंबून राहावे लागते. यंत्राची नामपट्टी काढून नेली तर ते कोणत्या कारखान्यात कधी बनले, हे सुट्या भागांवरून ओळखावे लागते. तसेच हे.

हत्ती खरोखर होता. दक्षिणेकडच्या बंदराजवळ उभा होता. पोर्तुगीज १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसईचा प्रदेश मिळवून इथे आले आणि त्या हत्तीवरून त्यांनी बेटाला नाव दिले. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान गळून पडली. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, पण उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले गेले. आज तो हत्ती डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. ज्याच्यामुळे बेटाचे नाव पडले, तो बेटावर नाही.

आता चौथी गोष्ट, जिच्यावर मी वाद घातला. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७० च्या दशकात मुंबईत होता. पोर्तुगीजांनी इथल्या मूर्ती विद्रूप केल्याचे तो लिहितो. १७१२ मध्ये पाइक नावाच्या इंग्रज कप्तानाने लेण्याची पाहणी केली. त्याच्या नोंदीप्रमाणे पोर्तुगीज पावसाळ्यात गुरे लेण्यात बांधत, आणि थोड्याच काळापूर्वी त्यांच्यातल्या एका सरदाराने लेण्यात उमटणारा प्रतिध्वनी ऐकण्याची मौज म्हणून आत तोफ डागली. त्यात काही खांब फुटले.

म्हणजे आमच्या वाटाड्याच्या म्हाताऱ्यांनी तीनशे वर्षे जपून ठेवलेली गोष्ट निव्वळ थाप नव्हती. पण इथेच थांबू नका. फ्रायर आणि पाइक दोघेही इंग्रज, आणि या बंदरात इंग्रज व पोर्तुगीज एकमेकांचे स्पर्धक. स्पर्धकाची निंदा लिहिणाऱ्याची साक्ष जपून घ्यावी लागते. शिवाय पाइक सांगतो ती धर्मद्वेषाने केलेली मोडतोड नाही, रिकामटेकड्या माणसाची करमणूक आहे. आणि माझाही मुद्दा पूर्ण खोटा नव्हता: पाणी झिरपल्याने आणि खडकाच्या भेगांनी शिल्पांचे नुकसान झालेच आहे. योग्य उत्तर असे द्यायला हवे होते: कारणे एकाहून अधिक आहेत, आणि वाटाड्याने सांगितलेले त्यांतले एक आहे. ते उत्तर मी त्याच्यासमोर दिले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

४. लेण्यात काय पाहावे

मुख्य लेणे सुमारे ३९ मीटर खोल आहे. दगड बेसाल्ट. इथे बांधकाम नाही, फक्त वजाबाकी आहे: नको तो दगड काढला, उरला तो खांब. चुकून जास्त दगड निघाला तर पुन्हा लावता येत नाही. जुन्या चित्रांत काही खांबांचा खालचा भाग तुटलेला आणि वरचा भाग छताला लटकलेला दिसतो, तरी छत उभे आहे. याचे कारण तुम्ही सांगू शकाल: छत आणि खांब एकाच अखंड खडकाचे आहेत आणि भार आसपासच्या खांबांवर व भिंतींवर वाटला जातो. काही खांब नंतर दुरुस्त केलेले आहेत. नवे कोणते आणि जुने कोणते, ते पृष्ठभाग पाहून ओळखण्याचा प्रयत्न करा.

दक्षिणेकडच्या भिंतीत तीन मुखे दिसणारी सदाशिवाची भव्य मूर्ती आहे. तिला सर्रास ‘त्रिमूर्ती’ म्हणतात आणि ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात. अभ्यासकांच्या मते तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. तिच्या एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. लेण्याच्या पश्चिम भागात चार दारांचे शिवलिंगाचे गर्भगृह आहे आणि प्रत्येक दाराशी द्वारपाल आहेत. उत्तरेच्या दाराने आत आल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. तेवढे थांबा, मग मूर्ती हळूहळू पुढे येतात. युनेस्कोने १९८७ मध्ये या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

५. बेटाचे भवितव्य सालबाईला ठरले

आता तो उत्तरेचा संबंध. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि या किनाऱ्यावरची पोर्तुगीज सत्ता संपली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. पुढे राघोबादादांचा पक्ष घेऊन ते पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात उतरले. हे युद्ध ज्या तहाने मिटले, तो १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी झाला. पेशव्यांच्या वतीने महादजी शिंदे आणि इंग्रजांच्या वतीने डेव्हिड अँडरसन यांनी तो ठरवला.

मराठ्यांना वसई परत मिळाली. पण साष्टी आणि तिच्याबरोबर घारापुरी, करंजा व हॉग ही तीन छोटी बेटे इंग्रजांकडेच राहिली. नकाशा उघडून पाहा: मुंबई बंदराच्या पाण्यात घारापुरी आणि आजच्या उरणजवळचे करंजा कुठे आहेत? बंदर सुरक्षित ठेवायचे तर ती आपल्या हाती हवीत, हे इंग्रजांना कळले होते. पुढे त्यांनी घारापुरीच्या टेकडीवर अवजड तोफाही बसवल्या. त्यांतल्या दोन आजही तिथे आहेत.

तहानंतर दोनच वर्षांनी, १७८४ मध्ये, बादशहा शाहआलमने वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांना दिले आणि त्यांचे नायब म्हणून दिल्लीचा कारभार महादजींकडे आला. शाळेत आपण महादजींचे दिल्लीतले यश शिकतो. त्याच काळातल्या तहात मुंबईच्या समुद्रातली बेटे गेली, हे त्याच पानावर लिहिलेले नसते. दिल्ली आणि कोकण हे दोन वेगळे धडे नाहीत, एकाच राजकारणाची दोन टोके आहेत.

६. आजचे बेट

आमच्या वाटाड्याच्या गावात, जागतिक वारशाच्या या बेटावर, फेब्रुवारी २०१८ मध्ये वीज आली. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून ती आणली. त्याआधी संध्याकाळी काही तास जनित्र चालायचे. समोर मुंबईचे दिवे रोज रात्री दिसत असताना स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे बेट अंधारात होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने हा आकडा लेण्याच्या लांबी-रुंदीइतकाच लक्षात ठेवावा.

पहिल्या सहलीत आम्ही यातले काही विचारले नाही. लेणी पाहिली, फोटो काढले, साडेतीनची बोट पकडली. दुसऱ्या तुकडीबरोबर गेलो तेव्हा मी त्याच वाटाड्याला शोधून काढले. मुलांसमोर त्याला सांगितले, “दादा, तोफेची गोष्ट तुमची खरी निघाली. १७१२ सालची नोंद आहे.” तो म्हणाला, “मग पांडवांची पण शोधा.” या वेळी त्याच्यासकट सगळे हसलो. नंतर त्याने आम्हाला राजबंदरला नेले आणि जनित्राच्या दिवसांत मुले अभ्यास कशी करत, ते सांगितले.

सारांश

घारापुरीचा लेखी इतिहास बहुतेक बोटीने आलेल्यांनी लिहिला आहे: व्यापारी, राजे, पोर्तुगीज, इंग्रज. कोणी शिलालेख नेला, कोणी हत्ती, कोणी नाव दिले, कोणी बेटच तहात घेतले. एका दिवसासाठी जाणारा पर्यटक हाही बोटीने आलेलाच. बेटावर राहणाऱ्यांचे म्हणणे त्या लेखी इतिहासात क्वचित सापडते. म्हणून वाटाड्याचे ऐकावे, लिहून घ्यावे, आणि हसण्याआधी तपासावे.

स्वाध्याय

१. वाटाड्याच्या चार गोष्टींपैकी प्रत्येकीसाठी कोणता पुरावा आहे आणि तो कोणत्या प्रकारचा आहे (नाणे, लेख, प्रवाशाची नोंद, लोककथा), याचा तक्ता करा.
२. पाइकची साक्ष तुम्ही कितपत मानाल? दोन कारणे द्या.
३. सालबाईच्या तहात इंग्रजांनी वसई सोडली, पण लहान बेटे का सोडली नाहीत? नकाशाच्या आधारे लिहा.
४. तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या वास्तूबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली एक गोष्ट लिहा आणि ती तपासण्यासाठी कुठे जाल ते सांगा.