जमशेद

जमशेद (आजचा फारसी उच्चार जमशीद) : इराणी परंपरेतील पुरुषनाम. त्याचे मूळ अवेस्ता या जरथुष्ट्री धर्मग्रंथातल्या ‘यिम क्षएत’ या जोडनावात आहे. यिम म्हणजे जुळा, क्षएत म्हणजे तेजस्वी. ‘खुर्शीद’ या सूर्यवाचक नावाच्या शेवटीही हाच क्षएत आहे. आरंभीच्या ‘य’चा फारसीत ‘ज’ झाला, आपल्याकडे यवाचा जव झाला तसा.

हा यिम आपल्या ओळखीचा आहे. वेदांतला यम विवस्वानाचा मुलगा, अवेस्तातला यिम विवङ्हन्ताचा, कूळ एकच. वाटा मात्र फुटल्या. इकडे यम मरण पावणारा पहिला मर्त्य आणि पितरांचा राजा ठरला, तर तिकडे यिमाच्या राज्यात मरण, म्हातारपण, कडक ऊन-थंडी यांना थाराच नव्हता.

अवेस्तातल्या वेंदिदाद या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात परमेश्वर अहुर मज्द यिमावर धर्मप्रसाराचे काम सोपवू पाहतो. ते आपल्याच्याने होणार नाही, असे यिम सरळ सांगतो आणि प्रजापालन पत्करतो. माणसे आणि गुरे मावेनाशी झाली, तेव्हा त्याने तीनदा पृथ्वी रुंदावली. पुढे जीवघेण्या हिवाळ्याची आगाऊ सूचना मिळाल्यावर ‘वर’ नावाचा बंदिस्त आसरा बांधून त्यात निवडक माणसे, जनावरे आणि बी-बियाणे राखले. मनूच्या कथेत जिथे पूर येतो, तिथे इथे बर्फ आहे.

फिर्दौसीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यात (सुमारे इ. स. १०१०) हाच यिम सातशे वर्षे राज्य करणारा जमशीद नावाचा बादशहा होतो. शस्त्रे, वस्त्रे, औषधे, अत्तरे, जहाजे, सारे त्याने दिले. समाजाचे चार वर्गही त्यानेच पाडले. दैत्यांना माती मळायला लावून त्याने विटांची घरे उभारली. त्यांनीच त्याचे रत्नजडित सिंहासन आकाशात उचलले, तो दिवस नवरोज, म्हणजे नववर्षदिन. मग डोक्यात हवा गेली. जग मीच घडवले, असे तो म्हणू लागला आणि ‘फर्र’, म्हणजे राजाला लाभलेले दैवी तेज, त्याला सोडून गेले. खांद्यांवर साप उगवलेल्या जह्हाकने राज्य बळकावले. शंभर वर्षे लपून राहिलेला जमशीद अखेर सापडला आणि जह्हाकने त्याला करवतीने चिरवले. तरीही लोक मुलांना हे नाव हौसेने ठेवत आले. त्यांच्या लेखी करवतीपेक्षा नवरोज मोठा असावा.

उत्तरकाळाने त्याच्या नावावर बरेच काही जमा केले. सारे जग दाखवणारा ‘जाम-ए-जम’ हा प्याला शाहनाम्यात कैखुस्रो राजाचा आहे. पुढच्या कवींनी तो जमशीदला बहाल केला. पहिल्या दारियुशने वसवलेल्या पर्सेपोलिसचे कर्ते विस्मरणात गेले, तेव्हा त्या अवशेषांना इराणी लोक ‘तख्त-ए-जमशीद’ म्हणू लागले. तेच नाव आजही चालते.

पारशांबरोबर हे नाव भारतात रुळले. २१ मार्चच्या सुमारास ते ‘जमशेदी नवरोज’ साजरा करतात. मुंबईत १८३२ साली निघालेल्या गुजराती पत्राचे नाव होते ‘जामे जमशेद’. मराठी लिखाणात ‘द’चा ‘ट’ होऊन ‘जमशेटजी’ रूढ झाले : जे. जे. रुग्णालयाच्या नावातले पहिले ‘जे’ सर जमशेटजी जीजीभाय (१७८३–१८५९) यांचे, आणि दुसरे ठळक नाव नवसारीत जन्मलेल्या जमशेटजी टाटांचे (१८३९–१९०४). टाटांच्या पोलाद कारखान्याचे गाव साकची. १९१९ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी त्याला जमशेदपूर हे नाव दिले.