वाऱ्याची हौस आणि वाऱ्याचा जाच

आपल्याकडील जुन्या पिढीने मोटारसायकलला ‘फटफटी’ हे नाव दिले, ते कानाने ऐकून. ती दिसते कशी, याचा त्या नावात मागमूसही नाही. परंतु लांबच्या प्रवासासाठी जो मनुष्य ही फटफटी विकत घेतो, तो काही केवळ कानाने घेत नाही. त्याच्या आधी त्याचा डोळा तिला पसंत करतो. आणि डोळ्याची आवड ही मोठी चंचल वस्तू आहे. या चंचलपणाचा इतिहास पाहावयाचा असेल, तर जपानी मोटारसायकलींसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. आज हौशी संग्राहक ज्या जुन्या जपानी गाड्या दुर्मिळ म्हणून धुंडाळीत फिरतात, त्यांपैकी पुष्कळांच्या दुर्मिळपणाचे कारण सरळ आहे. एक तर त्या आपल्या काळी खपल्या नाहीत, किंवा खपल्या आणि लवकरच जुनाट ठरून भंगारात गेल्या.

महायुद्धात होरपळलेल्या जपानात ना पेट्रोल पुरेसे होते, ना वाहने. १९४६ साली हामामात्सु गावी सोइचिरो होंडा यांनी लष्कराची उरलीसुरली लहान इंजिने सायकलींना बसवून विकायला सुरुवात केली. पाहता पाहता या धंद्यात इतके लोक उतरले, की पन्नाशीच्या दशकात जपानात मोटारसायकली करणारे शंभराहून अधिक कारखाने होते. त्यांचे घाट बहुतेक उसने होते. ‘रिकुओ’ ही अमेरिकन हार्लेची परवान्याने केलेली जपानी आवृत्ती, ‘मेगुरो’ची मोठी गाडी इंग्रजी वळणाची, आणि यामाहाची १९५५ सालची पहिली गाडी ‘वायए १’ तर जर्मन डीकेडब्ल्यूवरूनच बेतलेली.

तथापि, उसन्या अंगावर आपला रंग चढवता येतो, हे या वायए १ नेच दाखवले. त्या काळच्या गाड्या काळ्याकुट्ट आणि जाडजूड असत. ही सडपातळ, तांबूस आणि हस्तिदंती रंगाची. लोकांनी तिला ‘आकातोम्बो’ म्हणजे लाल चतुर असे नाव दिले. तिचे रूप घडवणाऱ्या ‘जीके’ या मंडळींचे अग्रणी केन्जी एकुआन. हे गृहस्थ हिरोशिमाच्या एका बौद्ध भिक्षूचे चिरंजीव. अणुबाँबने त्यांचे वडील आणि बहीण हिरावून घेतली होती. राख झालेल्या शहरातून आलेल्या माणसाने रोजच्या वापरातील वस्तू देखण्या करण्याचे व्रत घ्यावे, यात जो अर्थ आहे तो त्या काळच्या जपानच्याही मनातला होता. सोया सॉसची जगप्रसिद्ध लहानशी बाटलीही पुढे १९६१ साली याच एकुआन यांच्या हातून घडली.

होंडा यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. १९५७ साली ‘ड्रीम सी ७०’ ही २४७ सीसीची, दोन सिलिंडरची गाडी बाजारात आली. तिचा घाट मनाशी जुळवताना होंडा क्योटो आणि नारा येथे जाऊन जुनी देवळे व बुद्धमूर्ती न्याहाळीत हिंडले होते. मूर्तीच्या भुवईपासून नाकापर्यंत उतरत जाणारी जी ठसठशीत रेषा असते, ती त्यांनी पेट्रोलच्या टाकीच्या कडेवर उतरवली. दिवा चौकोनी, अंग दाबीव पत्र्याचे, कोन स्पष्ट. या शैलीला जपानात ‘जिन्जा-बुक्काकु’, म्हणजे देवळाराउळांची शैली, असे म्हणतात. परक्याची नक्कल करून थकलेल्या देशाने आपल्याच घरातील देव्हाऱ्याकडे पाहावे आणि तेथून यंत्रासाठी रेषा आणावी, ही घटना वाटते तितकी लहान नाही.

परंतु बाजाराला देव्हाऱ्याचे कौतुक किती दिवस असणार? १९५९ साली होंडाने अमेरिकेत दुकान थाटले आणि तेथील तरुणांची नजर वेगळ्याच गोष्टीवर आहे हे दिसू लागले. त्यांना पत्र्याआड झाकलेले यंत्र नको होते. नळ्यांच्या सांगाड्यात टांगलेले उघडे इंजिन हवे होते. ड्रीमचीच ३०५ सीसीची चपळ बहीण ‘सुपर हॉक’ त्यांना अधिक भावली. १९६८ साली रॉबर्ट पिर्सिग हा लेखक आपल्या मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत गेला, तो याच गाडीवर. त्या प्रवासावरील त्याचे पुस्तक १९७४ साली जगभर गाजले. आजच्या दृष्टीने ती गाडी चिमुकलीच. पुढे वारा अडवणारी काचसुद्धा नाही.

१९६९ साली होंडाची चार सिलिंडरची ‘सीबी ७५०’ आली आणि उघड्या इंजिनाची आवड कळसाला पोहोचली. येथे एक गमतीची गोष्ट घडली. एवढी मोठी गाडी खपेल की नाही याची कंपनीला खात्री नव्हती, म्हणून मोठ्या उत्पादनाचे महागडे साचे करणे तिने लांबणीवर टाकले. परिणामी पहिल्या सुमारे सात हजार गाड्यांच्या इंजिनाची पेटी काहीशी खडबडीत राहिली. आज संग्राहक नेमक्या याच गाड्यांसाठी अधिक पैसे मोजतात. निर्मात्याच्या मनातील शंकेचीच किंमत झाली!

प्रत्येकाच्या वाट्याला असा गोड शेवट येत नाही. हामामात्सुचेच मासाशी इतो हे एकेकाळी होंडा यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी १९४८ साली ‘मारुशो’ कारखाना काढून ‘लायलॅक’ गाड्या केल्या. चाक फिरवायला साखळीऐवजी शाफ्ट, त्यामुळे तेलाचे डाग नाहीत की साखळी ताणण्याची कटकट नाही. लांबच्या प्रवाशाला याहून अधिक काय हवे? १९५५ साली आसामाच्या शर्यतीत २५० सीसीच्या गटात लायलॅकने होंडालाही मागे टाकले. परंतु चांगली वस्तू करणे आणि ती पुरेशी विकणे या दोन निराळ्या विद्या आहेत. १९६१ साली मारुशोचे दिवाळे निघाले. पुन्हा उभे राहून त्यांनी अमेरिकेसाठी ५०० सीसीची गाडी केली, पण १९६७ साली तोही डाव संपला. लायलॅक आज दुर्मिळ आहे, म्हणजे त्या कारखान्यातील कामगारांची चूल विझली आहे, हे प्रदर्शनात तिच्याभोवती गर्दी करणाऱ्याला सहसा आठवत नाही.

पुढचा अंक वाऱ्याचा. १९७४ साली होंडाने ‘गोल्ड विंग’ दाखवली. ९९९ सीसी, पाण्याने थंड होणारे इंजिन, शाफ्ट. पण अंगावर कवच नाही. तिची टाकीसुद्धा दिखाऊ, आत विजेचे सामान. खरे पेट्रोल बैठकीखाली. अमेरिकेच्या हजार हजार मैलांच्या रस्त्यांवर लोकांना ती आवडली, पण छातीवर बसणारा वारा सोसेना. क्रेग व्हेटर या अमेरिकनाने कोणत्याही गाडीला जोडता येईल अशी फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारी पुढची ढाल, विकून मोठा व्यवसाय उभारला. ग्राहकच गाडीचा घाट बदलू लागला, हे पाहून १९८० साली होंडाने ढाल व सामानाच्या पेट्या कारखान्यातूनच बसवून दिल्या. १९८८ च्या सहा सिलिंडरच्या गोल्ड विंगचे वजन साडेतीनशे किलोंच्या पुढे गेले आणि तिला मागे जाण्याची सोयही करावी लागली. दुचाकी हळूहळू मोटार होऊ लागली होती. १९८९ च्या ‘पॅसिफिक कोस्ट’मध्ये तर इंजिन पूर्णपणे झाकलेले आणि मागे मोटारीसारखी डिकी! सोयीला तोड नव्हती. तरीही ती बेताचीच खपली.

याच्या उलट टोकाची शोकांतिका सुझुकीच्या ‘आरई ५’ची. १९७४ च्या या गाडीत सिलिंडरऐवजी फिरता रोटर होता आणि रूप इटलीच्या जुजारो यांचे. किल्ली फिरवताच तिच्या गोल नळकांड्यातील घड्याळांवरचे झाकण आपोआप उघडे. लोक बिचकले. त्यातच तेलटंचाईचा काळ आणि गाडी पेट्रोलची भुकेली. १९७६ साली तिला नेहमीसारखी घड्याळे बसवली, तरी ती वाचली नाही. एकूण सुमारे सहा हजारच झाल्या. आता ते नळकांडेच तिचे भूषण मानले जाते.

आणि आज? लंबक पुन्हा फिरला आहे. २०१८ साली खुद्द गोल्ड विंगचे अंग आटोपशीर झाले. २०२० साली कावासाकीने आपल्यात केव्हाच विलीन झालेल्या मेगुरोचे नाव पुन्हा जागे केले. महाराष्ट्रालाही या लाटा अपरिचित नाहीत. १९८६ साली बजाजने कावासाकीच्या साहाय्याने मोटारसायकली काढल्या, तेव्हा जाहिरात ॲव्हरेजची होती. २००१ साली त्याच जोडीने ‘एलिमिनेटर’ आणली, ती मात्र लांब रस्त्यावर ऐटीत रेलून बसण्याची हौस विकणारी होती. मधल्या पंधरा वर्षांत आपल्या मध्यमवर्गाच्या आकांक्षा किती बदलल्या, हे त्या दोन बैठकींवरूनही वाचता येईल.

तात्पर्य, प्रवाशाला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असतात : वारा अंगावर घ्यायचा असतो आणि वाऱ्यापासून आडोसाही हवा असतो. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ कधीच पुरता बसत नाही. म्हणून घाट बदलतच राहतो. जी पिढी आडोशाला कंटाळते ती मागच्या पिढीची उघडी गाडी धुंडाळते आणि तिला अभिजात म्हणते. अशा वेळी जुन्याला हसू नये, आणि त्याची पूजाही करू नये. पिर्सिगची ती सुपर हॉक आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ती जपली हे चांगलेच झाले. पण तिचे खरे मोल तिच्या चकाकीत नसून, एका बापाने आणि मुलाने तिच्यावरून कापलेल्या मैलांत आहे. ज्याच्या घरी अशी एखादी दुर्मिळ गाडी असेल, त्याने तिच्यावरची धूळ जरूर पुसावी. मात्र अधूनमधून रस्त्याची नवी धूळ तिच्यावर बसूही द्यावी. तिला घडवणाऱ्यांनी ती त्यासाठीच घडवली होती.