कचेरीतील आवाजाचा इतिहास : यंत्र, वाणी आणि सवय

कचेरीतील आवाजाची तक्रार सामान्यतः क्षुल्लक गोष्टींत जमा होते. शेजारच्या मेजावरील सहकारी बोटांनी टकटक करतो, चहाचे भुरके घेतो, वारंवार खाकरतो, दूरध्वनीवर मोठ्याने बोलतो. ह्यांत इतिहासाचा विषय होण्यासारखे काय आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु गेल्या दीडशे वर्षांत कचेरीची बांधणी, तिच्यातील साधने व ध्वनिशास्त्र ह्यांत जे बदल झाले, त्यांत ह्या तक्रारीचा वाटा लहान नाही. ह्या बदलांचा क्रम पाहता असे दिसते की, हा प्रश्न दीर्घकाळ केवळ आवाजाच्या तीव्रतेचा मानला गेला. तो मुख्यतः वाणीचा व माणसामाणसांतील संबंधांचा आहे, ही जाणीव फार उशिरा आली.

बोरूने वा टाकाने लिहिणाऱ्या कारकुनांच्या कचेरीत यंत्राचा आवाज नव्हता. १८७४ साली अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने शोल्स व ग्लिडन ह्यांचे टंकलेखनयंत्र विक्रीस आणले आणि पुढील काही दशकांत ही स्थिती पालटली. एका दालनात अनेक टंकलेखक बसविण्याची पद्धत रूढ झाली. भारतात ही यंत्रे प्रथम आयात होत. मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये देशी यंत्र तयार केले. संगणक येईपर्यंत टंकलेखनकक्षाचा खडखडाट ही सरकारी कचेरीची जणू खूणच होती.

ह्या खडखडाटावर उपाय शोधण्याचे साधन दुसऱ्याच क्षेत्रातून आले. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात शब्द घुमत, म्हणून १८९५ पासून वॉलेस सॅबाइन ह्या भौतिकीच्या अध्यापकाने नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या तेथे नेऊन ध्वनिशोषणाचे प्रयोग केले. त्यांतून निघालेल्या नियमांच्या आधारे आवाज शोषणाऱ्या लाद्यांचा धंदा उभा राहिला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डेसिबेल हे एकक प्रचारात आले. त्याच दशकात कोलगेट विद्यापीठातील डोनल्ड लेअर्ड ह्या मानसशास्त्रज्ञाने गोंगाटात व शांततेत टंकलेखकांची किती शक्ती खर्च होते हे मोजण्याचा प्रयत्न केला. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या गोंगाट-निवारण आयोगाचा अहवालही प्रसिद्ध झाला. ह्या सर्व प्रयत्नांमागील गृहीत एकच होते : आवाज जितका कमी, तितका त्रास कमी.

ह्या गृहीताची परीक्षा युद्धोत्तर काळात झाली. १९६० च्या सुमारास पश्चिम जर्मनीतील श्नेले बंधूंच्या क्विकबोर्न गटाने 'बूरोलांटशाफ्ट', म्हणजे कचेरीचे भूदृश्य, ही कल्पना पुढे आणली. भिंती काढाव्या, गालिचे अंथरावे, कुंड्या व बुटके पडदे ठेवावे आणि कागदपत्रांच्या ओघानुसार मेजे मांडावी, असे तिचे स्वरूप होते. गालिच्यामुळे पावलांचा आवाज नाहीसा झाला, परंतु शेजाऱ्याचे बोलणे अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागले. पूर्वी यंत्रांच्या गोंगाटात जे बुडून जात असे, ते शांततेने उघडे केले. पुढे अशा दालनांत अस्फुट, एकसुरी आवाज मुद्दाम सोडण्याची युक्ती योजावी लागली, ती ह्याच कारणाने. १९७२ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीतील कर्मचारी-मंडळांना कार्यस्थळाच्या रचनेसंबंधी विचारविनिमयाचा अधिकार मिळाला आणि ह्या पद्धतीविषयीची नापसंती परिणामकारकपणे व्यक्त होऊ लागली. जेथे बसणाऱ्याला मत देता आले, तेथे मोकळे दालन ओसरत गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

वाणीचा त्रास वेगळा का, ह्याचे उत्तर प्रयोगांतून हळूहळू मिळाले. १९७६ मध्ये कोल व वेल्श ह्यांनी दाखविले की, न समजणाऱ्या परभाषेतील बोलणेदेखील अक्षरांचा क्रम लक्षात ठेवण्याच्या कामात व्यत्यय आणते. १९८२ मध्ये सालामे व बॅडली ह्यांना निरर्थक शब्दांचाही तसाच परिणाम आढळला. म्हणजे येथे केवळ अर्थ कारण नव्हे. बदलत जाणारी ध्वनिरचनाच स्मृतीत शिरते. मात्र वाचून आकलन करण्याच्या कामात अर्थपूर्ण बोलणे अधिक बाधक ठरते, असे १९८८ मधील मार्टिन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसले. कारकुनाचे काम ह्या दोन्ही प्रकारचे असते. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मानकात मोकळ्या कचेरीच्या मोजमापासाठी वाणीची सुबोधता किती अंतरावर ओसरते हे पाहिले जाते. मापनशास्त्राने भाषेचे महत्त्व मान्य केले, ते असे.

तरीही सवयींचा प्रश्न उरतोच. चघळणे, नाक ओढणे, लेखणीची कळ दाबत राहणे हे आवाज अत्यंत लहान. परंतु काहींना ते असह्य होतात. ह्या अवस्थेस जॅस्ट्रेबॉफ दांपत्याने ह्या शतकाच्या आरंभी 'मिसोफोनिया' हे नाव दिले. मराठीने मात्र ह्या आवाजांची नोंद फार पूर्वीच केली आहे. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) ध्वन्यनुकारी शब्दांचा भरणा मोठा आहे. मचमच, भुरका, कुजबुज, भुणभुण अशा शब्दांतून आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. तो कोणत्या कृतीचा आहे हे कळते, आणि पुष्कळदा बोलणाऱ्याची नापसंतीही कळते. 'मचमच' म्हणताच खाणाऱ्याच्या रीतीवर ठपका येतो.

येथेच कचेरीतील अडचणीचे मूळ आहे. 'तुम्ही मचमच करता' असे सहकाऱ्यास सांगणे म्हणजे त्याच्या वळणास बोल लावणे होय. म्हणून 'जरा आवाज होतोय' अशी कर्ता लपविणारी रचना वापरली जाते. ती सभ्य असते, पण ज्याला समजावयाचे त्याला समजत नाही. वरिष्ठ कनिष्ठास हे सहज सांगू शकतो. कनिष्ठाने वरिष्ठास सांगणे दुर्घट असते. शिवाय स्वतंत्र खोली बहुधा वरिष्ठाला असते, म्हणजे ज्याला तक्रार करता येते त्याला तिची गरज कमी.

सारांश, लाद्या, गालिचे व पडदे ह्यांनी यंत्राचा आवाज आटोक्यात आणला. वाणीपुढे त्यांचे फारसे चालले नाही आणि सवयीपुढे मुळीच नाही. उरलेले काम एका माणसाने दुसऱ्यास संकोच न बाळगता व अपमान न करता सांगण्याचे आहे. कनिष्ठासही ते सांगता यावे अशी सोय किती कचेऱ्यांनी केली, हे पाहिल्याखेरीज ह्या इतिहासाचा पुढील भाग लिहिता येणार नाही.