‘गुल्म’ म्हणजे काय?

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. १९३९ साली वाशीम येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. चौथ्या शतकातील हे दानपत्र वत्सगुल्माहूनच दिलेले आहे. पुढे प्राकृतात या नावाचे ‘वच्छोम’ झाले आणि झिजत झिजत ‘वाशीम’.

आता ‘वत्स’ म्हणजे काय ते आपल्याला कळते. पण ‘गुल्म’ म्हणजे काय? स्थानिक माहात्म्य म्हणते, वत्स ऋषींच्या तपामुळे देवांचा समुदाय, म्हणजे गुल्म, त्यांच्या आश्रमाजवळ येऊन राहिला. कामसूत्रावरील जयमंगला टीका वेगळेच सांगते: वत्स आणि गुल्म हे दक्षिणापथातले दोन राजपुत्र! अमरकोश उघडावा तर गुल्म म्हणजे खोड नसलेले झुडूप, आणि गुल्म म्हणजे प्लीहाही. सैन्याच्या गणतीत पाहिले, तर नऊ हत्ती, नऊ रथ, सत्तावीस घोडे व पंचेचाळीस पायदळ मिळून एक गुल्म. शब्द एक, अर्थ इतके!

गावाच्या नावाला हे चालून जाते. ऋषी माना की राजपुत्र माना, कुणाचे काही बिघडत नाही. वैद्याला मात्र हे परवडणारे नव्हते. म्हणून सुश्रुतसंहितेत गुल्माला नेमक्या मर्यादा घातल्या आहेत. हृदय आणि बस्ती यांच्या दरम्यान असलेली, फिरती किंवा स्थिर, कमीजास्त होणारी, वाटोळी गाठ म्हणजे गुल्म. नाव असे का, तेही तेथेच सांगितले आहे: मूळ दडलेले आणि विस्तार झुडपासारखा, म्हणून गुल्म. वनस्पतीचा शब्द उचलला खरा, पण व्याख्येने त्याला बांधून घेतले.

चरकाने गुल्माचे पाच प्रकार मानले: वात, पित्त, कफ, तिन्ही दोषांचा मिळून एक, आणि पाचवा रक्तगुल्म. हा पाचवा फक्त स्त्रियांना होणारा. यात पाळी थांबते, पोट वाढते, सारी लक्षणे गर्भाची. मग ओळखायचे कसे? चरक सांगतो, गर्भ हातापायांनी हलतो. गुल्म सबंध गोळा होऊन हलतो आणि दुखतो. एवढे सांगूनही तो थांबत नाही. रक्तगुल्मावर उपचार दहावा महिना उलटल्यावरच करावा, असे तो बजावतो. गर्भ असलाच तर तोवर बाळ जन्माला येते. तीव्र औषधाचा घाला त्याच्यावर पडत नाही. पोटावर हात ठेवून पाहण्यापलीकडे फारशी साधने नसलेल्या काळात दोन जीव या काटेकोर व्याख्येच्या आधाराने वाचू शकत होते.

आज हा गुल्म आधुनिक वैद्यकातल्या कोणत्याही एकाच रोगाशी जुळत नाही. गाठीला आपण ट्यूमर म्हणतो, अर्बुद म्हणतो. १९६० साली महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापले आणि पुढे निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश निघाले. मोठे काम झाले. पण इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्द ठेवला म्हणजे अर्थ कळलाच असे नव्हे. ‘अर्बुद’ ऐकून खेड्यातली बाई घाबरते. ती गाठ साधी की कर्करोगाची, हे त्या शब्दात नाही. ते तिला कुणीतरी, तिला समजेल अशा मराठीत, फोड करून सांगायला हवे. दवाखान्यात नवा शब्द कानी पडला, तर ‘म्हणजे नेमके काय?’ असे विचारायला आपणही संकोच करू नये.