आईच्या नावाचा रकाना

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीने होतो. पुरुषांच्या त्या लांबलचक नामावळीत तामार, राहाब, रूथ आणि केवळ ‘उरियाची पत्नी’ म्हणून ओळखली गेलेली चौथी अशा स्त्रिया येतात आणि अखेरीस मरियेचे नाव येते. देवपुत्राची वंशावळही आईच्या नावावाचून पूर्ण होत नाही.

आपल्या हिंगोली परिसरात पूर्वजांचा शोध घेऊ पाहणाऱ्यास कोणती साधने उपलब्ध आहेत? १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुने दप्तर बरेचसे उर्दूत व मोडीत आहे. महसुली खासरा पत्रके, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात तो जन्ममृत्यूचा गाव नमुना १४ आणि शाळांची जुनी रजिस्टरे ही त्यांतील मुख्य होत. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा या कागदांचे मोल सर्वांना कळले. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांपाशीही यजमानांच्या नामावळ्या असतात. परंतु खासरा पत्रक जमिनीमागे जाते आणि नामावळी यात्रेमागे. ज्याला जमीन नव्हती आणि यात्रेचा खर्च झेपत नव्हता, त्याने कोठे शोधावे?

हिंगोली हे हैदराबाद कंटिंजेंटचे लष्करी ठाणे होते; १९०३ साली ती फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. ब्रिटिश अमदानीत येथील युरोपियनांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठविण्याचा प्रघात होता. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इंग्लंडातील खेड्यांत तर १५३८ पासूनच धर्मग्रामाच्या वह्या ठेवण्याची आज्ञा होती. म्हणून छावणीतील साहेबाच्या वंशजाला आपला पणजोबा सापडू शकतो. साहेबाच्या घोड्याला गवत घालणाऱ्याच्या वंशजाला सहसा सापडत नाही.

ही उणीव आपल्यापुरती भरून काढणारे एक साधन आपल्या घरचेच आहे. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही अनिवार्य केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथातील बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या नमुन्यात आई व वडील दोघांचीही नावे आहेत. आपल्या राज्य शासनाने कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक केले ते १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी! बाप्तिस्म्याच्या त्याच नोंदीत पुढे दृढीकरण, विवाह वा धर्मगुरुदीक्षा यांचीही नोंद होते. एका ओळीत अवघे आयुष्य सामावते.

तथापि वही लिहिणारा हात माणसाचाच असतो. एका जुन्या वहीत विवाहासाठी नोंद शोधताना आईच्या नावाचा रकाना मला कोरा आढळला. ती नोंद होती वधूच्या आजीची. घरी विचारले, तर पणजीचे नाव सांगणारे कोणी उरले नव्हते. शेतमजुरी करून चार लेकरे वाढविणारी ती माऊली एका कोऱ्या चौकोनात हरवली.

म्हणून विनंती आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी नावे घाईने सांगू नका. मृतांच्या स्मरणाचा नोव्हेंबर महिना येईल तेव्हा घरातील वृद्धांजवळ बसा. आजी-पणजीचे नाव, माहेरचे गाव आणि कुटुंबात पहिला बाप्तिस्मा कोणी घेतला हे एका वहीत लिहून ठेवा. ज्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करावयाचा, त्यांची नावे तरी आपल्याला ठाऊक असावीत.